तोंड साफ केलंय, डोकं वर आहे: व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाची गोष्ट

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे काका नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटरवर होते आणि मी इकडे लीड्समध्ये. कोविडची दुसरी लाट होती. मला जाणं शक्य नव्हतं आणि तिथे असलेल्या घरच्यांनाही आयसीयूत सोडत नव्हते. रोज सकाळी साडेसहाला, म्हणजे तिथल्या अकराला, चुलतभाऊ मला कॉलवर घ्यायचा आणि ड्यूटीवरच्या सिस्टर दोन मिनिटं बोलायच्या. ताप किती, ऑक्सिजन किती, आणि मग रोजची तीन वाक्यं: "तोंड साफ केलंय. डोक्याकडची बाजू वर ठेवलीय. सकाळी गुंगीचं औषध थोडा वेळ थांबवून बघितलं."

चौथ्या-पाचव्या दिवशी माझा संयम संपला. मी म्हणालो, "सिस्टर, ते सगळं ठीक आहे हो, पण अँटिबायोटिक कुठलं चालू आहे?" त्यांनी शांतपणे नाव सांगितलं आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, नातेवाइकांचं समाधान करायला ठेवलेली ही वाक्यं असावीत. तोंड साफ करणं हा काय इलाज झाला?

यंदा आयसीयूच्या इतिहासावर एपिसोड करायचा ठरला तेव्हा वाचायला बसलो आणि ओशाळलो. त्या तीन वाक्यांच्या मागे सत्तर वर्षांची शोधाशोध होती. ती गोष्ट एपिसोडमध्ये पुरी बसली नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ठसका

लहानपणी जेवताना ठसका लागला की आई टाळूवर थोपटत म्हणायची, "वर बघ, वर बघ!" ठसका म्हणजे आपल्या शरीराचा पहारेकरी. घास आणि श्वास यांचे रस्ते घशात एकमेकांना ओलांडतात. पाण्याचा एक थेंब जरी चुकून श्वासनलिकेकडे वळला, तरी पहारेकरी जागा होतो आणि खोकून तो थेंब बाहेर फेकतो. आपण दिवसभर लाळ गिळत असतो. ती फुप्फुसात जात नाही, कारण हा पहारा चालू असतो.

व्हेंटिलेटरवर ठेवताना पेशंटच्या तोंडातून, स्वरयंत्राच्या मधून, श्वासनलिकेत एक नळी घालतात. ती सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध देतात. म्हणजे पहारेकऱ्याला झोपवलं आणि वर दारात नळी अडकवून दार उघडंही ठेवलं. नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीभोवतीची जागा बंद होते, हवा वर निसटत नाही आणि घशातली लाळ खाली उतरत नाही. निदान उतरू नये अशी अपेक्षा असते.

प्रत्यक्षात ती उतरते. फुग्याला बारीक सुरकुत्या पडतात आणि त्यांच्यामधून लाळ थेंबाथेंबानं झिरपते. त्या लाळेत जंतू असतात. नळी घालून दोन दिवस उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो, त्याला व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या शंभर पेशंटांपैकी साधारण ५ ते १५ जणांना तो होतो असं मानलं जातं. आधीच्या आजारातून सावरत असलेला माणूस या नव्या आजारानं पुन्हा मागे जातो. कधीकधी दगावतोही.

यातली मोठी विसंगती अशी की हा फुगा मुळात लाळेपासून फुप्फुस वाचवण्यासाठीच आला होता. त्यासाठी १९५२च्या कोपनहेगनला जावं लागेल.

कोपनहेगन, ऑगस्ट १९५२

त्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटल हे तिथलं संसर्गजन्य रोगांचं हॉस्पिटल. काही दिवशी तिथे रोज पन्नासच्या आसपास पेशंट येत होते. सहा महिन्यांच्या आत सुमारे २७०० पेशंट आले आणि त्यांपैकी ३००हून अधिक जणांना श्वास घ्यायला मदत लागली. हॉस्पिटलकडे होतं काय? एक 'आयर्न लंग' आणि छातीवर बसवायची सहा लहान यंत्रं.

आयर्न लंग म्हणजे लोखंडी पिंप. पेशंट आत, डोकं बाहेर. पिंपातला हवेचा दाब कमी केला की छाती फुगते आणि श्वास आत येतो. हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी ते बनवलं आणि १९२८मध्ये बॉस्टनमध्ये एका आठ वर्षांच्या मुलीसाठी पहिल्यांदा वापरलं. मुलगी काही मिनिटांत शुद्धीवर आली. पण पुढच्या काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला आणि त्यात न्यूमोनियाचा वाटा होता. म्हणजे यंत्रानं दिलेला श्वास आणि न्यूमोनिया यांची जोडी अगदी पहिल्या पेशंटपासूनची आहे.

कोपनहेगनच्या साथीत अनेकांचा घसाच लुळा पडला होता. त्यांना गिळता येत नव्हतं, खोकता येत नव्हतं. लोखंडी पिंप छाती हलवायचं, पण त्याच श्वासाबरोबर तोंडातली लाळ फुप्फुसात ओढली जायची. माणसं स्वतःच्याच लाळेत बुडत होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासयंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले.

हॉस्पिटलचे प्रमुख होते प्राध्यापक लासेन. त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं की भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलवावं. तेव्हा भूलतज्ज्ञाचं काम ऑपरेशन थिएटरपुरतं असायचं. साथरोगाच्या वॉर्डात त्याचं काय काम, असं वाटणं साहजिक होतं. इब्सेन आले, त्यांनी कागद पाहिले आणि निदानच फिरवलं. पेशंटच्या रक्तात जे वाढलेलं दिसत होतं, ते पोलिओचं काही गूढ लक्षण नव्हतं. श्वास अपुरा पडल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठत होता, बस.

२७ ऑगस्टला विव्ही नावाच्या बारा वर्षांच्या मुलीवर त्यांनी प्रयोग केला. तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवली. मुलगी झटापट करत होती, हवा आत जाईना. इब्सेननी भुलीचं औषध दिलं, तिचं अंग सैल पडलं आणि मग हातातली रबरी पिशवी दाबून तिला श्वास देता आला. हवा आत ढकलायची आणि फुग्यानं लाळ बाहेर अडवायची, ही त्यामागची कल्पना. विव्ही १९७१पर्यंत जगली.

पण पिशवी दाबणार कोण? यंत्रं नव्हती. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शिक्षण घेणारे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून पेशंटच्या उशाशी बसले. एका वेळी ७० पर्यंत पेशंटना हातानं श्वास दिला जात होता. सगळे मिळून १,६५,००० तास! तुमच्याच वयाची मुलं होती ती. समोरचं मूल तुमच्या मनगटाच्या जोरावर जगतंय आणि पाळी संपल्यावर दुसऱ्याच्या हातात पिशवी देऊन तुम्ही घरी जाताय, हे त्यांनी कित्येक महिने केलं. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून निम्म्याहून खाली आलं.

पुढच्याच वर्षी इब्सेननी कोपनहेगनमध्ये अशा पेशंटसाठी वेगळा विभाग सुरू केला. आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार तिथून धरतात. स्वीडनच्या एंगस्ट्रॉम यांच्यासारख्यांनी हातांच्या जागी यंत्रं आणली. नळी आणि फुगा जगभर गेले.

संशय आधी यंत्रावर

साठचं दशक उजाडेपर्यंत श्वासयंत्रं मोठ्या हॉस्पिटलांत रुळली होती. आणि शवविच्छेदनात डॉक्टरांना एक नवीन प्रकारचा न्यूमोनिया दिसायला लागला. फुप्फुसाचा भाग सडवणारा, आणि आतड्यात किंवा ओलसर जागी राहणाऱ्या जंतूंमुळे होणारा. हे जंतू फुप्फुसात पोचले कसे?

टेक्सासमधल्या डॅलसच्या डॉक्टरांनी यंत्राकडे बोट दाखवलं. कोरड्या हवेनं फुप्फुसाला त्रास होऊ नये म्हणून यंत्रात पाण्याचे बारीक तुषार करणारं भांडं असायचं, नेब्युलायझर. १९६५मध्ये रेनार्झ, पिअर्स आणि सॅनफर्ड यांनी दाखवलं की त्या पाण्यात जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर थेट फुप्फुसाच्या खोल कोपऱ्यात जाऊन पडतात. उपाय साधा निघाला. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं, तेच अगदी पातळ करून रोज यंत्रातून फिरवायचं. १९७०मध्ये त्यांनी कळवलं की असं केल्यापासून तो सडवणारा न्यूमोनिया कमी झाला.

मग सगळीकडे यंत्राची स्वच्छता हा मंत्र झाला. भांडी उकळा, पाणी बदला, यंत्राच्या नळ्या रोज बदला. यात चूक काही नव्हती. पण यंत्रं चकाचक झाली तरी न्यूमोनिया पूर्ण हटला नाही. काहीतरी सुटत होतं.

ऐंशीच्या दशकात बॉस्टनमध्ये डोनाल्ड क्रेव्हन आणि सहकाऱ्यांनी नळ्या चोवीस तासांनी बदलणं आणि अठ्ठेचाळीस तासांनी बदलणं यांची तुलना केली. फरक पडला नाही. पुढे त्यांनी नळ्यांत साठणारं पाणी तपासलं. त्यात जंतू भरपूर होते, पण ते पेशंटच्याच घशातून आलेले होते. आपण समजत होतो की यंत्र पेशंटला जंतू देतंय. आता पेशंटच यंत्राला देत होता! वर नळी हलवताना ते घाण पाणी उलट पेशंटच्या फुप्फुसात सांडायची भीती. म्हणजे वारंवार नळ्या बदलणं उपयोगाचं तर नव्हतंच, क्वचित नुकसानही करत असावं. आज नळ्या खराब झाल्या किंवा बिघडल्या तरच बदलतात.

चोर घरातलाच

खरं तर उत्तराचा धागा डॅलसच्याच मंडळींनी आधी पकडला होता. वॉल्डेमार जोहानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये पेशंटचे घसे तपासले. निरोगी माणसाच्या घशात ते आतड्यातले जंतू क्वचितच सापडतात. पण माणूस जितका जास्त आजारी, तितके ते घशात जास्त दिसले. आजारपण घशातली वस्तीच बदलून टाकत होतं.

१९७२मध्ये त्यांनी आयसीयूतल्या २१३ पेशंटांचा हिशेब मांडला. त्यांपैकी ९५ जणांच्या श्वसनमार्गात या जंतूंनी ठाण मांडलं होतं. त्या ९५ जणांत २३ टक्क्यांना फुप्फुसाचा संसर्ग झाला. बाकीच्यांत फक्त ३.३ टक्क्यांना.

या आकड्यांनी प्रश्नाची दिशाच बदलली. न्यूमोनिया बहुतेक वेळा बाहेरच्या हवेतून येत नव्हता. तो पेशंटच्या स्वतःच्या तोंडातून, घशातून, कधी पोटातून, फुग्याच्या सुरकुत्यांमधून खाली उतरत होता. मग यंत्र धुवून काय होणार? लक्ष द्यायला हवं होतं ते पेशंटच्या तोंडाकडे, त्याला झोपवलंय कसं याकडे आणि नळी किती दिवस आत राहते याकडे. नाशिकच्या सिस्टरांची तीन वाक्यं इथून सुरू होतात.

डोक्याकडची बाजू

आडवं पडून खाऊ नये हे आपल्याकडे कुणाच्याही आजीनं सांगितलेलं असतं. आयसीयूत मात्र पेशंट सपाट झोपवले जायचे आणि त्याच वेळी नाकातल्या नळीनं पोटात अन्न दिलं जायचं.

१९९२मध्ये बार्सिलोनाच्या आंतोनी टॉरेस आणि सहकाऱ्यांनी पेशंटच्या पोटात थोडा किरणोत्सर्गी पदार्थ सोडला आणि तो फुप्फुसातल्या स्रावात सापडतो का ते मोजलं. सापडला. सपाट झोपलेल्यांमध्ये बराच जास्त, डोक्याकडची बाजू उंच ठेवलेल्यांमध्ये कमी. १९९९मध्ये त्याच गटानं ८६ पेशंटवर प्रत्यक्ष चाचणी केली. सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये न्यूमोनियाची शंका आली, ४५ अंशांत ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांमध्ये. फरक इतका मोठा होता की चाचणी मध्येच थांबवली गेली. पलंगाची कळ फिरवायची, खर्च शून्य.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण २००६मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २२१ पेशंटवर तेच करून पाहिलं आणि पलंगाचा कोन सतत मोजत राहिले. ४५ अंश ठरवूनही पहिल्या दिवशी सरासरी कोन भरला २८ अंश आणि आठवड्याभरात तो २३च्या आसपास आला. न्यूमोनियात फरक दिसला नाही. का? कारण बेशुद्ध माणूस उतारावरून घसरतो. त्याला कूस बदलवायची असते, पुसून काढायचं असतं, रक्तदाब पडला तर सपाट करायचं असतं. कागदावरचा कोन आणि पलंगावरचा कोन वेगळे असतात. तो राखायला दर काही तासांनी कुणीतरी पेशंटला पुन्हा वर सरकवावं लागतं.

हे वाचलं तेव्हा मला "डोक्याकडची बाजू वर ठेवलीय" हे वाक्य निराळंच ऐकू आलं. दुसऱ्या लाटेत, पीपीई किट घालून, किती पेशंट सांभाळत असताना कुणीतरी काकांना पुन्हा पुन्हा वर सरकवत होतं.

जागं करणं

सर्वांत चांगला बचाव म्हणजे नळीच लवकर काढणं. जितके दिवस नळी, तितके दिवस धोका. हे सगळ्यांना पटत होतं, पण आयसीयूची सवय आड येत होती. पेशंट शांत, गाढ झोपेत असला की तो 'आरामात' आहे असं सगळ्यांना वाटायचं. डॉक्टरांना, नर्सना आणि नातेवाइकांनाही.

१९९६मध्ये वेस्ली इली यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासानं दाखवलं की रोज ठरवून पेशंटची स्वतः श्वास घेण्याची तयारी तपासली, तर नळी लवकर निघते. २०००मध्ये शिकागोच्या जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी १२८ पेशंटवर आणखी साधी गोष्ट करून पाहिली. रोज एकदा गुंगीचं औषध बंद करायचं आणि पेशंट जागा होतो का बघायचं. असं केलेल्यांना व्हेंटिलेटर साधारण ४.९ दिवस लागला, बाकीच्यांना ७.३ दिवस. २००८मध्ये या दोन्ही गोष्टी जोडून ३३६ पेशंटवर चाचणी झाली. आधी जागं करा, मग स्वतः श्वास घेऊ द्या. असं केलेले पेशंट वर्षभरानंतरही जास्त संख्येनं जिवंत होते.

ऐकायला सोपं वाटतं. पण अर्धवट शुद्धीत आलेला माणूस घाबरतो, नळी ओढायला जातो, त्याला ठसका लागतो. त्या वेळी कुणीतरी जवळ उभं राहून हात धरावा लागतो, "काका, हॉस्पिटलमध्ये आहात, घाबरू नका" असं सांगावं लागतं. झोपवून ठेवणं कमी माणसांतही जमतं. जागं करायला माणसं लागतात.

बंडल आणि शून्याचा मोह

२००४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत डॉन बर्विक यांच्या संस्थेनं, इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटनं, एक लाख जीव वाचवण्याची मोहीम जाहीर केली. त्यात व्हेंटिलेटरसाठी 'बंडल' होतं. चार गोष्टी एकत्र, रोज, प्रत्येक पेशंटसाठी: डोकं ३० ते ४५ अंश वर, गुंगी कमी करून नळी काढता येईल का हे पाहणं, पोटात व्रण होऊ नये म्हणून औषध आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून उपाय. शेवटच्या दोघांचा न्यूमोनियाशी थेट संबंध नाही. उलट पोटातलं आम्ल कमी केलं की तिथे जंतू वाढतील, ही शंका ऐंशीच्या दशकापासून होती. पण चारही गोष्टी एका कागदावर आल्या आणि तो कागद न्यूमोनियाविरुद्धचा कागद म्हणूनच ओळखला जाऊ लागला. २०१०मध्ये त्यात पाचवी भर पडली: क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं तोंड धुणं.

मराठीत 'बंडल' शब्दाला दुसराही अर्थ आहे, हे तुम्हाला माहीत असेल. तोही इथे थोडा लागू पडतो. काही वर्षांतच अनेक हॉस्पिटलं सांगू लागली की आमच्याकडे हा न्यूमोनिया शून्यावर आलाय. काही ठिकाणी खरंच घट झाली होती. पण या न्यूमोनियाचं निदान निसरडं आहे. आयसीयूतल्या पेशंटच्या एक्स-रेवर पांढरा डाग अनेक कारणांनी दिसतो आणि तोच एक्स-रे दोन डॉक्टर दोन प्रकारे वाचतात. आकडा शून्य आला की कौतुक होणार असेल, तर शंकेचा फायदा कुणाला मिळतो ते सांगायला नको. यात कुणी खोटं बोललंच पाहिजे असं नाही. व्याख्या जरा कडक लावली की आकडा आपोआप उतरतो, पलंगावरचा पेशंट मात्र तसाच राहतो.

म्हणून २०१३मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं मोजण्याची पद्धत बदलली. एक्स-रे बाजूला ठेवला. स्थिर झालेल्या पेशंटला यंत्राचा आधार पुन्हा वाढवावा लागला का, हे यंत्रावरच्या आकड्यांवरून पाहायचं ठरलं. ही पद्धतही परिपूर्ण नाही, पण तिच्यात आपल्या सोयीनं वाचायला कमी जागा आहे.

ब्रश

आता पहिलं वाक्य: तोंड साफ केलंय.

क्लोरहेक्सिडिनची कल्पना तर्काला धरून होती. जंतू तोंडात आहेत, तर तोंड जंतुनाशकानं धुवा. हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्ये फायदाही दिसला होता. पण २०१४मध्ये बॉस्टनच्या मायकेल क्लोम्पस आणि सहकाऱ्यांनी सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर इतर पेशंटमध्ये फायदा ठामपणे दिसेना. उलट मृत्यू थोडे वाढत असतील अशी पुसटशी शंका दिसली. कदाचित ते औषधच थोडं फुप्फुसात झिरपत असेल. शंका सिद्ध झाली नाही, पण फायदा नसताना धोका कशाला? २०२२च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं: तोंडाची निगा राखा, दात घासा, क्लोरहेक्सिडिन नको.

२०२३च्या शेवटी क्लोम्पस आणि एहरेनझेलर यांनी दात घासण्याच्या पंधरा चाचण्या एकत्र केल्या, एकूण २७८६ पेशंट. रोज ब्रशनं दात घासलेल्यांमध्ये हॉस्पिटलात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी होता. आयसीयूतले मृत्यूही कमी होते आणि हा फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये दिसला. दातांवर जंतूंचा जो चिकट थर असतो, तो औषधानं जात नाही. घासावाच लागतो.

कोपनहेगनमध्ये पिशवी दाबायला बसलेल्यांत दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, हे वाचताना मला आधी गंमत वाटली होती. दातांच्या डॉक्टरांचं तिथे काय काम! सत्तर वर्षांनी उत्तर फिरून दातांपाशीच आलं.

फोनच्या या टोकाला

या इतिहासात यंत्रं, औषधं, नवनव्या नळ्या पुष्कळ आल्या. फुग्याच्या वर साठणारी लाळ खेचून घेणाऱ्या नळ्याही आल्या आणि त्यांचा उपयोगही होतो. पण सर्वांत टिकाऊ निघाल्या त्या तीन गोष्टी: पेशंटला वर सरकवणं, त्याला जागं करणं, त्याचे दात घासणं. तिन्ही करायला माणूस लागतो. म्हणून कोविडमध्ये, माणसं अपुरी पडली आणि पेशंट आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहिले, तेव्हा जगभर हा न्यूमोनिया पुन्हा वाढला. तो कमी करायचा असेल, तर आयसीयूत किती यंत्रं आहेत एवढंच विचारून भागत नाही. एका नर्सकडे किती पेशंट आहेत, हेही विचारावं लागतं.

आपण दूर राहणारी माणसं. घरातलं कुणी आयसीयूत असलं की आपल्या हातात फक्त फोन असतो, आणि त्या असहायतेतून आपण मोठ्या औषधांची नावं विचारत सुटतो. मीही तेच केलं. काका बावीस दिवसांनी घरी आले. ते त्या तीन वाक्यांमुळेच वाचले असं मी म्हणणार नाही. एका पेशंटवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, एवढं तरी हे सगळं वाचून शिकलोय.

पण तुमच्यावर कधी अशी वेळ आली, येऊ नये, पण आली, तर पलीकडून बोलणाऱ्या सिस्टरांना विचारा: "आज दात घासले का? डोकं वर आहे ना? आज जागं करून पाहिलं का?" दरडावून नको, समजून घेण्यासाठी विचारा. आणि त्या "हो" म्हणाल्या, तर थँक्यू म्हणायला विसरू नका. मी विसरलो होतो.